बूस्टचा काटा आणि दौलतसिंहांचा कान

ग्वाल्हेरला पडाव नावाच्या भागात, स्टेशनाच्या बाजूच्या लॉजेसमागे एक आखूड गल्ली आहे. तिथे दौलतसिंह चव्हाणांचं गॅरेज. पाटी रंगवणाऱ्याने 'चौहान मोटर्स' असं रंगवून टाकलं तेव्हा दौलतसिंहांनी थोडा वेळ पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. गाडी तर तीच दुरुस्त होणार आहे." घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि गिऱ्हाईक जसं असेल तसं दोहोंचं मिश्रण, अशा बोलण्याची त्यांना जन्मापासून सवय होती. घराणं जुन्या काळी फौजेबरोबर दख्खनमधून आलेलं. आजोबा ट्रक चालवायला लागले, वडील ट्रकाखाली शिरून ते दुरुस्त करायला लागले. "आमचे पूर्वज घोड्यावरून आले आणि आम्ही गाडीखाली गेलो," असं सांगून दौलतसिंह मोठ्याने हसायचे. आता वय सत्तावन्न, मिशा पांढऱ्या झालेल्या, पण हसणं तसंच.

त्यांचं नाव झालं ते कानामुळे. बॉनेट उघडायच्या आधी ते गाडी सुरू करायला सांगत, डोळे मिटत आणि मान जराशी तिरकी करून ऐकत. मग सांगत, "तिसऱ्या सिलिंडरचा नोझल," किंवा "बेअरिंग जायला लागलंय, अजून थोडे दिवस चालवा, मग आणा." आणि बहुतेक वेळा तेच निघे. टर्बोच्या गाड्या आल्या तेव्हा तर त्यांच्या कानाला नवा प्रांतच मिळाला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून छोटं इंजिनही मोठ्यासारखं ओढतं. तो फिरताना एक बारीक शीळ येते. कुठे हवा गळत असेल तर त्या शिळेत सुसकारा मिसळतो. मुरैन्यापासून डबऱ्यापर्यंतचे ट्रकवाले तो सुसकारा ओळखणारा माणूस म्हणून दौलतसिंहांकडे येत.

गेली दोनतीन वर्षं मात्र ते एक नवीन तक्रार करू लागले होते. "आजकालच्या गाड्या मुक्या झाल्या," ते शेजारच्या टायरवाल्या गुरुप्रसादला सांगत. "कंपनीवाले इतकं फोम भरतात, टर्बो आहे की नाही तेच कळत नाही." गुरुप्रसाद मान हलवून टायर काढत राही. त्याच्या घराण्यात पूर्वी देवळातली पूजा होती. "पणजोबा अभिषेक घालायचे, मी ट्यूब पाण्यात बुडवतो," असं तो म्हणे. दोघांची दोस्ती शाळेपासूनची.

डिसेंबरमध्ये, धुकं उतरून नुकतं ऊन आलं होतं, तेव्हा सीमंतिनी आपली डिझेल गाडी घेऊन आली. ती एका शाळेत विज्ञान शिकवायची. चाळिशीची, बोलायला शांत. आई इंदुताई शिवपुरीला एकटी राहायची, म्हणून दर आठवड्याला हिच्या ग्वाल्हेर-शिवपुरी फेऱ्या चालत. तिच्या गाडीत स्टीअरिंगच्या डावीकडे एक गोल, काळ्या तबकडीचं मीटर बसवलेलं होतं. कंपनीचं नव्हे, बाहेरून घेतलेलं.

"हे काय लावलंय, ताई?" दौलतसिंहांनी विचारलं.

"बूस्ट गेज आहे, काका. माझा भाऊ अभिराम पुण्याला असतो, त्याला गाड्यांचं वेड. दिवाळीला आला आणि लावून गेला. टर्बो किती दाबाने हवा भरतोय ते दाखवतं."

"बूस्ट म्हणजे काय ते माहिती आहे मला."

"हो, हो, तुम्हाला काय सांगायचं," ती ओशाळून म्हणाली. "तर आधी चढावर काटा एक पॉइंट दोनपर्यंत जायचा. आता पॉइंट सातच्या वर जातच नाही. गाडी पण उचल घेत नाही असं वाटतं."

दौलतसिंह गाडी घेऊन रेसकोर्स रोडला एक चक्कर मारून आले. वाटेत रहदारी होती, जोरात दाबायला फारसं मिळालं नाही. एकदा मिळालं तेव्हा त्यांनी खिडकी खाली केली, मान तिरकी केली आणि ऐकलं. इंजिनाचा खोल, भरलेला आवाज, बाकी काही नाही. सुसकारा नाही, शिट्टी नाही. गाडी किंचित जड वाटली खरी. परत येऊन त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला आणि निकाल दिला.

"टर्बो एकदम चोख आहे. हवा कुठेही गळत नाही. गळली असती तर मला ऐकू आलं असतं. फिल्टर भरला होता, तो बदलला. आणि हे ऑनलाइनचं खेळणं आहे ना, ते खोटं बोलतंय. त्याच्याकडे बघून गाडी चालवू नका, रस्त्याकडे बघून चालवा."

सीमंतिनीने एकदा मीटरकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. तिच्या वडिलांची गाडी इथेच यायची. तिने मान डोलावली आणि गेली.

पुढच्या सोमवारी ती परत आली. या वेळी बरोबर इंदुताई होत्या, शाल घट्ट लपेटून मागच्या सीटवर बसलेल्या. सीमंतिनी गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं, ताई?"

"मोहना गावाच्या पुढे रस्त्याच्या एका बाजूचं काम चाललंय, काका. जाणारी-येणारी वाहनं सगळी एकाच पट्ट्यावर. पुढे दगडाची ट्रॉली होती. रस्ता मोकळा दिसला म्हणून मी बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला, आणि गाडी पुढे सरकेचना. समोरून बस आली. बसवाल्याने बस रस्त्याखाली मातीत उतरवली म्हणून आम्ही वाचलो." ती थांबली. "आई शेजारी होती. तिने माझा हात धरून ठेवला होता, तो ग्वाल्हेर येईपर्यंत सोडला नाही."

दौलतसिंहांनी इंदुताईंना नमस्कार केला. इंदुताईंनी खिडकीतून हात जोडले आणि म्हणाल्या, "बाळ, जे असेल ते नीट बघ." एवढंच. रागाने बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मी तुम्हाला दोष द्यायला नाही आले," सीमंतिनी म्हणाली. "पण एक गोष्ट पक्की करायची आहे. मीटर खोटं असेल तर मी ते काढून फेकते. पण खरं असेल तर गाडीत दोष आहे. आधी ते तपासू या."

"तपासू," दौलतसिंह म्हणाले. आवाजात अजून ऐट होती. "आत्ता तपासू. गुरु, तुझं हवेचं गेज आण."

गुरुप्रसादने टायरची हवा मोजायचं मीटर आणलं. दोन्ही मीटरं एका नळीला जोडून कॉम्प्रेसरची हवा सोडली, तर टायरवाल्याचा काटा जागेवर थरथरला आणि हवा वाढली तसा एकदम उडी मारून कुठेतरी जाऊन बसला. गुरुप्रसादने डोकं खाजवलं. "हे ट्रकच्या टायरचं आहे यार. शंभरच्या आसपास बरोबर सांगतं. इतक्या कमी हवेत याला काही कळत नाही. ज्याला स्वतःलाच कळत नाही ते दुसऱ्याला काय तपासणार?"

"मग कोणत्या मीटरवर भरवसा ठेवायचा?" दौलतसिंह म्हणाले. "माझ्याकडचं पण जुनंच आहे."

सीमंतिनीने मान वर केली. गॅरेजला लागून लॉजची इमारत होती, तीन मजले आणि वर गच्ची. ती थोडा वेळ तिकडे बघत राहिली.

"मीटर नको," ती म्हणाली. "पाणी घेऊ. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे जवळजवळ एक बार, या मीटरवरचा एक. एक मीटर पाणी म्हणजे एक दशांश. मुलांना दरवर्षी फळ्यावर सांगते, करून कधी दाखवलं नाही. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ना, ती मिळेल का?"

ती समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. दौलतसिंहांनी डॅशबोर्डच्या मागून मीटर सोडवून बाहेर आणलं आणि नळीच्या एका टोकाला क्लॅम्पने घट्ट बसवलं. मीटरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून त्या टोकाला वीतभर हवा ठेवली. बाकी नळी पाण्याने भरली. पाणी दिसावं म्हणून गुरुप्रसाद दुकानातल्या देवापुढचं कुंकू घालायला निघाला होता, सीमंतिनीने त्याला थांबवून पर्समधून लाल शाईची बाटली काढली. मास्तरीणबाईंच्या पर्समध्ये ती असायचीच.

लॉजच्या मॅनेजरने आधी कुरकुर केली, मग स्वतःच गच्चीवर जाऊन दोरी खाली सोडली. नळीचं वरचं टोक दोरीला बांधलं. लाल पाण्याची रेघ भिंतीवरून हळूहळू वर चढू लागली तसे ट्रान्सपोर्टवाले, चहावाला, दोन टेम्पोवाले येऊन उभे राहिले.

"क्या हो रहा है, उस्ताद?" कोणीतरी विचारलं.

"कुछ नहीं, मीटर की चोरी पकड़ रहे हैं," दौलतसिंह म्हणाले. लोक हसले.

ते मीटर हातात धरून खाली बसले होते. नळी वर जायच्या आधीच त्यांना एक गोष्ट दिसली होती. काटा शून्यावर नव्हता, शून्याच्या किंचित पुढे होता. त्यांनी तो सीमंतिनीला दाखवला. "बघा! अजून दाब पण नाही आणि हा पुढे. मी काय म्हणत होतो?" त्यांचं मन एकदम हलकं झालं.

"दिसतंय," ती म्हणाली. "पण पुढे काय करतो ते बघू."

गुरुप्रसाद मोजपट्टी घेऊन जिन्याच्या खिडक्यांतून उंची सांगत गेला. तीन मीटरला काटा तीन दशांशावर आला. तिथे तो केसभर पुढेच होता. पाच मीटरला पाच, पुन्हा केसभर पुढे. दौलतसिंहांनी मीटरच्या काचेवर टिचकी मारली. काटा हलला आणि परत तिथेच आला. सात मीटरला सात. सगळी नळी ताणून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली, गुरुप्रसाद वरून ओरडला, "दहाला थोडं कमी!" आणि काटा एकच्या रेघेला टेकला. मग नळी खाली उतरवताना सीमंतिनीने पुन्हा एकदा सगळं बघितलं. चढताना जे होतं तेच उतरताना.

"केसभर जास्त दाखवतंय, आणि शेवटपर्यंत तेवढंच जास्त," ती हळू म्हणाली. "म्हणजे गाडीत खरा बूस्ट सातपेक्षाही जरासा कमीच असणार, काका. मीटर खोटं बोलत असेल तर ते गाडीची बाजू घेऊन."

दौलतसिंह तसेच बसून राहिले. पँटवर लाल पाणी सांडलं होतं. जमलेल्या लोकांना हिशेब कळला नव्हता, पण उस्ताद गप्प झालेत हे कळलं, आणि ते एकेक करून पांगले.

मग कामाला लागण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मीटर खरं, तर हवा कुठेतरी गळतेय. दौलतसिंहांनी टर्बोच्या तोंडाला बूच बसवलं आणि गुरुप्रसादला बारीक धारेने कॉम्प्रेसरची हवा सोडायला सांगितलं. इंजिन बंद असताना नळ्यांत हवा भरायची आणि कुठून बाहेर पडते ते बघायचं, ही त्यांचीच जुनी पद्धत. हवा भरली तशी गुरुप्रसाद लगेच म्हणाला, "सुटली, सुटली! केवढ्याने फुसफुसतेय!"

तीन पावलांवर उभी असलेली सीमंतिनी म्हणाली, "हो, खालच्या बाजूने येतंय." लॉजच्या दारातला रखवालदारसुद्धा वळून बघायला लागला.

दौलतसिंह वाकले. मान तिरकी केली, डोळे मिटले. त्यांना कॉम्प्रेसरची धडधड ऐकू आली. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला. कोणीतरी लोखंडी शटर वर ढकललं तेही ऐकू आलं. फुसफुस ऐकू आली नाही. गुरुप्रसादने कॉम्प्रेसर बंद केला, टाकीतली हवा तेवढी येत राहिली. आता धडधडही नाही. तरी काही नाही. त्यांनी हात आत घातला, बोटं नळ्यांवरून फिरवत नेली. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या खालच्या अंगाला, तेलकट क्लॅम्पच्या मागे, गार हवेचा झोत बोटांना लागला. नळी तिथे लांब चिरली होती.

"ऐकू येतंय ना?" सीमंतिनीने सहज विचारलं.

"येतंय, येतंय. चांगलं जोरात येतंय," दौलतसिंह म्हणाले.

तेव्हाच गुरुप्रसादचा हात त्यांच्या खांद्यावर पडला. वर पाहिलं तर गुरुप्रसाद त्यांच्याकडे टक लावून बघत होता, आणि हवेचा नळ त्याने बंद केलेला होता. उत्तराच्या आधीच. दौलतसिंहांच्या बोटांनाही आता हवा लागेना. सीमंतिनी मीटर पुसत होती, तिच्या लक्षात आलं नाही. गुरुप्रसादने पाना उचलून त्यांच्या हातात दिला आणि आपल्या दुकानात गेला.

नवीन नळी दुपारपर्यंत मिळाली. इंदुताईंना गुरुप्रसादच्या दुकानात उन्हात खुर्ची टाकून बसवलं होतं, तिथे चहा गेला. नळी बसवून, मीटर जागेवर लावून, दौलतसिंह सीमंतिनीबरोबर शिवपुरीच्या रस्त्याला लागले. ती चालवत होती, ते शेजारी बसले होते. शहर मागे पडल्यावर, चढ आला तसा तिने पाय दाबला. गाडी सीटला पाठ टेकवत पुढे गेली. काटा सातवरून पुढे सरकला, नऊ, एक, आणि एक पॉइंट दोनच्या पुढे किंचित जाऊन थांबला.

"आली!" ती मनापासून हसली. "आणि काका, ऐका ना, शीळ कशी स्वच्छ येतेय! तुम्ही म्हणता तशी."

दौलतसिंहांनी खिडकी खाली केली. वारा आला, इंजिनाचा आवाज आला.

"ताई, गाडी जरा बाजूला घ्या," ते म्हणाले.

तिने घेतली. ते रस्त्याकडे बघत बोलले. "मला शीळ ऐकू येत नाही. आत्ता पण नाही आली. सकाळी हवा सुटत होती, ती पण नाही आली, मी खोटं सांगितलं. त्या दिवशी तुमची गाडी फिरवली तेव्हा मला वाटलं आवाज नाही म्हणजे दोष नाही. आवाज होता. मलाच येत नव्हता. तुमच्या आईला काही झालं असतं तर..."

सीमंतिनीच्या चेहऱ्यावर राग येऊन गेला, तो त्यांना दिसला आणि त्यांनी तो रास्त धरला. मग ती म्हणाली, "आईला पण असंच झालं होतं. ती म्हणायची, लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. आता कानाला मशीन लावते. सिटी सेंटरला जिथे घेतलं तिथली गरिमा म्हणून मुलगी आहे, घाई करत नाही, नीट समजावते. नंबर देऊ?"

"द्या," दौलतसिंह म्हणाले.

घरी त्यांनी ही गोष्ट जेवताना सांगितली. बायको वनमाला पोळी वाढत होती. मुलगी निवेदिता ऑफिसातून आलेली, फोन हातात.

"मला कानाला कमी ऐकू येतं," ते म्हणाले.

वनमालाबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी पोळी वाढली, वर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे माहिती आहे. फोन वाजला की कोण उचलतं? दाराची घंटी कोणाला ऐकू येते? टीव्ही कोण इतका मोठा करतं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. दोनदा. तुम्ही म्हणालात, आजकालच्या वस्तूच मुक्या झाल्यात." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "तिसऱ्यांदा हिंमत नाही झाली. तुमचा कान म्हणजे... लोक त्यासाठी येतात. मी कशी म्हणू की तो गेला?"

"बाबा, मैं तो कब से बोल रही हूँ, डॉक्टरकडे चला," निवेदिता म्हणाली. "पर आप सुनते ही नहीं हो." आणि बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच हसू आलं आणि मग रडू. दौलतसिंहही हसले.

तरी लगेच गेले नाहीत. काही दिवस चिडचिडीत गेले. गॅरेजमध्ये ते मुद्दाम इंजिनाच्या अगदी जवळ कान नेऊन उभे राहत, जणू जवळ गेलं की जुना आवाज येईल. एका टॅक्सीवाल्याला त्यांनी नुसतं ऐकून काहीतरी सांगितलं, आणि तो गेल्यावर त्यांना धड झोप लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करून परत बोलावलं आणि सगळं उघडून पाहिलं. सांगितलं ते बरोबर निघालं. तरी त्यांचं समाधान झालं नाही, कारण ते बरोबर निघालं हा योगायोग होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून गरिमाला फोन लावला. पण फोनवर त्यांना नीट ऐकू येईना, म्हणून गरिमा बोलली ती वनमालाबाईंशी.

गरिमाने त्यांना काचेच्या लहान खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. खालचे, जाडे आवाज त्यांनी सगळे पकडले. मग बराच वेळ काही आलंच नाही आणि ते बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसले. काचेपलीकडे वनमालाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की आवाज येत होते.

"काका, जाड आवाज अच्छे हैं, बारीक आवाज गेलेत," गरिमाने कागदावरची खाली घसरणारी रेघ दाखवून सांगितलं. "इतकी वर्षं इंजिन, ग्राइंडर, हातोडा. त्याने असंच होतं. मशीन लावल्यावर बोलणं साफ ऐकू येईल. पण जुना कान परत येणार नाही, हे आधीच सांगते. जो उरलाय तो वाचवायचा असेल तर ग्राइंडर चालवताना कान झाकायचे. रोज."

"टर्बोची शीळ?"

"थोडी येईल शायद. पहले जैसी नहीं."

तिने गोड करून सांगितलं नाही, हे दौलतसिंहांना आवडलं.

मशीन आलं. पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये लावलं तर पाना फरशीवर पडला आणि ते दचकून उभे राहिले. पत्र्यावर कावळा चालला तर वाटलं कोणीतरी वर चढलंय. तासाभरात डोकं दुखायला लागलं आणि त्यांनी ते काढून डबीत ठेवलं. मग दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, तिसऱ्या दिवशी आणखी. काम करताना कान झाकायचे, गिऱ्हाइकाशी बोलताना मशीन लावायचं, अशी हळूहळू घडी बसली. टर्बोच्या गाडीसाठी त्यांनी एक चांगलं बूस्ट मीटर विकत घेतलं आणि सीमंतिनीला बोलावून, लॉजच्या गच्चीवरून पुन्हा नळी सोडून, ते तपासून घेतलं. या वेळी काटा शून्यावरून सुरू झाला तेव्हा तिने टाळी वाजवली.

सगळं गोड झालं असं नाही. एक जुना ट्रकवाला, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, म्हणाला, "उस्ताद, आँख बंद करके बता दो." दौलतसिंह म्हणाले, "भाई, अब कान से नहीं होता. मीटर लगाकर देखूँगा, आधा घंटा लगेगा." ट्रकवाल्याने कानामागचं मशीन पाहिलं आणि गाडी पुढच्या गॅरेजला घेऊन गेला. गेला तो परत आला नाही. तसे अजून दोनचार गेले. गुरुप्रसाद त्यांना शिव्या देत बसे. दौलतसिंह म्हणत, "जाऊ दे. त्याला तमाशा हवा होता, माझ्याकडे आता तो नाही." म्हणत खरे, पण त्या दिवशी चहा अर्धाच पीत.

जानेवारीच्या शेवटी एका रविवारी दोघं नवरा-बायको गच्चीवर उन्हात बसले होते. वनमालाबाई मटार सोलत होत्या. शेजारच्या गच्चीवर कोणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा तिकडे बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की दौलतसिंहांना आश्चर्य वाटलं. हा आवाज त्यांनी किती दिवसांत ऐकला नव्हता. रोजचा वनमालाबाईंचा आवाज खणखणीत, दोन घरं पलीकडे जाणारा. शेजारी म्हणत, चव्हाणांकडे रोज भांडण.

"सांग ना."

"वर्षभर मनात आहे. पण तुम्हाला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायला लागायचं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. अख्ख्या कॉलनीने आधी ऐकली असती." त्यांनी मटाराची शेंग हातातच धरून ठेवली. "निवेदिताला एक मुलगा पसंत आहे. तिच्या ऑफिसातला. तिने मला मागच्या वर्षीच्या संक्रांतीला सांगितलं. तुम्हाला मीच सांगावं म्हणते. तिला भीती वाटते."

"माझी?"

"तुम्ही नीट न ऐकताच नाही म्हणाल, याची."

दौलतसिंहांनी खुर्चीत अंग सावरलं. खाली रस्त्यावरून टेम्पो गेला. त्यांनी तो जाऊ दिला.

"मराठी आहे का?"

"आई मराठी. वडील इथलेच, भिंडकडचे. घरात दोन्ही बोलतात. मुलगा बरा आहे, मी एकदा बाजारात भेटले त्याला. पाया पडला."

"नाव काय?"

वनमालाबाईंनी नाव सांगितलं, पण वाऱ्याने मशीनमध्ये खरखर झाली आणि ते त्यांना कळलं नाही. त्यांनी हाताने कानाशी आडोसा केला आणि वाकून जवळ आले.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "हळूच सांग."

"दिग्विजयसिंह," त्या म्हणाल्या.

"बरं," दौलतसिंह म्हणाले. त्यांनी बायकोच्या परातीतून मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला घेतल्या. "पुढच्या रविवारी बोलाव त्याला. जेवायला. आणि आधी मला सगळं सांग त्याच्याबद्दल, घाई नाही."

वनमालाबाई सांगू लागल्या.